हिवाळ्यावर खडे मीठ

दुबईजवळच्या अजमानला हिवाळा येतो तो लाजऱ्या पाहुण्यासारखा. डिसेंबरात एक पातळ स्वेटर बाहेर निघतो, फेब्रुवारी संपता संपता परत कपाटात जातो, आणि आम्ही सगळे मनातल्या मनात त्याला ‘थांब रे अजून चार दिवस’ म्हणत असतो, कारण पुढच्या सात महिन्यांत उन्हाने काय वाढून ठेवलंय ते आम्हाला माहीत असतं. अशा गावात हिवाळ्याला वाजतगाजत हाकलून द्यायच्या सणाची जबाबदारी माझ्यावर आली. माझ्यावर म्हणजे वसईच्या एका ख्रिस्ती बाईवर, जिच्यासाठी बर्फ म्हणजे मासळीबाजारातल्या लाद्या.

समुद्रकाठच्या एका हॉटेलात मी चौदा वर्षं बँक्वेट विभागात होते. लग्न, वाढदिवस, कंपन्यांच्या पार्ट्या. खुर्च्या किती, टेबलक्लॉथ कुठल्या रंगाचे, शाकाहारी किती, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं, आणि कार्यक्रमाला पाहुणे आले की मी किचनच्या दारामागे. इव्हेंट इन्चार्जची जागा त्या चौदा वर्षांत दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरून माणूस आला. आमचा मॅनेजर दिल्लीचा, बोलायला फार गोड. दर वेळी म्हणायचा, “मॅडम, आप बॅकएंड में बहुत स्ट्राँग हो.” बॅकएंड हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. घोडी घासायला आम्ही आणि वरातीत मिरवायला दुसरा.

जागा तिसऱ्यांदा रिकामी झाली तेव्हा मी सरळ त्याच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “सर, या वेळी मी.” तो खुर्चीत मागे रेलला. थोडा विचार करून म्हणाला, “ठीक है. रशियन ग्रुप का इव्हेंट आप अकेले करके दिखाओ. अच्छा हुआ तो लेटर आपका. नहीं तो दुबई से एक बंदा रेडी है.” तो बंदा मी पाहिला होता. केसांना जेल लावलेला, वय जेमतेम तीस. त्याच्या हाताखाली काम करायचं म्हटलं तर मी वसईला जाऊन केळी विकली असती.

त्या रशियन ग्रुपची पुढारी एक पियानो शिकवणारी बाई होती. पन्नाशीची, उंच, पाठ ताठ, आणि बोलताना वाक्यं अशी तोडायची जणू सुरीने पाव कापतेय. अजमानमध्ये तिला दहा वर्षं झाली होती, त्यामुळे ‘यल्ला’, म्हणजे चला, आणि ‘खलास’, म्हणजे संपलं, हे अरबी शब्द माझ्यापेक्षा तिच्याच तोंडात जास्त. तिच्या शहरातली पन्नास-साठ कुटुंबं इकडे शारजा-अजमानला येऊन राहिली होती आणि त्यांना आपल्या शहराचा सण आपल्या शहरासारखा करायचा होता.

तिचं शहर एका मोठ्या नदीकाठी आहे. तिने मला फोनवर एकेक व्हिडिओ दाखवला. नववर्षाला त्यांच्या मुख्य चौकात बर्फाच्या लाद्यांचा अख्खा किल्ला उभा राहतो, त्यावर घसरगुंडी, आणि आज्याही त्यावरून किंचाळत घसरतात. जानेवारीत गोठलेल्या नदीला क्रुसाच्या आकाराचं भोक पाडतात आणि माणसं प्रार्थना करून त्यात उड्या मारतात. उन्हाळ्यात शहराचा वाढदिवस, तेव्हा बँड, मिरवणूक, नदीवर दारूकाम. आणि हिवाळ्याच्या शेवटी हा सण, आठवडाभर चालणारा. पातळ पोळे खायचे, फेर धरायचा, रस्सीखेच करायची, आणि शेवटच्या दिवशी चौकात गवताच्या बाईला, म्हणजे थंडीला, सगळ्यांसमक्ष जाळायचं. मी बघत राहिले. इतक्या थंडीत माणसं घरात का बसत नाहीत, असं मनात आलं, आणि लगेच वाटलं की रस्त्यावर यायला निमित्त शोधणारी माणसं तर आमचीच. तिथेच त्या लोकांवर माझा जीव जडला.

आणि पोळे! व्हिडिओत तवा दिसला आणि मी ओरडलेच. आमच्याकडे उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आई असेच पोळे काढायची. घरातली अंडी, दूध, नारळ, गूळ सगळं त्या दिवशी संपवायचं, कारण दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, कपाळावर राख लावून उपवास सुरू. मी त्या बाईला विचारलं, “हा सण तुमच्याही उपवासाच्या आधीच ना?” ती म्हणाली, “हो, उपवासाच्या आधीचा शेवटचा दिवस सगळ्यात मोठा. तो दिवस—” मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. “मला सांगू नका, मी कॅथलिक आहे, तारीख मी मोजते,” म्हटलं, कॅलेंडर उघडलं, राखेचा बुधवार शोधला आणि आदल्या मंगळवारी लॉन बुक करून टाकलं. बाई खूश झाली. “तू श्रद्धावान आहेस, तुला कळतं,” म्हणाली आणि तारखेचा आकडा न वाचता खाली सही ठोकली. समुद्रकाठी आग पेटवायची तर सरकारी परवानगी लागते, तीही मी त्या मंगळवारचीच मिळवली. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, “अहो, बघा, देव कसा मदत करतो.”

कार्यक्रमाच्या आधीच्या गुरुवारी बाई पोस्टर घेऊन आली. त्यावर वार होता रविवार. मी हसून म्हटलं, “चुकून रविवार छापलाय.” ती म्हणाली, “चुकून कशाला? आमचा उपवास सोमवारी सुरू होतो. रविवार शेवटचा दिवस.”

त्यांचं चर्च वेगळं, त्यांची मोजणी वेगळी. त्या वर्षी त्यांचा उपवास आमच्यानंतर पाच दिवसांनी बसत होता, आणि बुधवारी तर तो कधी बसतच नाही. वसईच्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट जगातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला लागू असणार, असं मी धरून चालले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत बांधला.

बाईचा चेहरा पांढरा पडला. मंगळवारी सगळ्यांची ऑफिसं, मुलांच्या शाळा. शिवाय आठवड्याच्या मध्येच थंडीला जाळायचं म्हणजे गणपती चौथ्याच दिवशी बुडवल्यासारखं झालं असतं, तेही पाहुणे यायच्या आत. माझ्या जिभेवर दोन-तीन सबबी तयार होत्या. तिने सही न वाचता केली होती, हे तर अगदी खरं होतं. पण मी बोलले ते एवढंच: “चूक माझी. मी तुम्हाला बोलू दिलं नाही. मला माफ करा.”

तिने पोस्टर टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, “आता नाही. रविवारी माग.”

मला कळेना. तिने सांगितलं की त्या शेवटच्या रविवारचं नावच क्षमेचा रविवार. त्या दिवशी प्रत्येकजण ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढे वाकून क्षमा मागतो, आणि समोरचा म्हणतो, ‘देव क्षमा करील, मीही करते.’ उद्यावर टाकायचं नसतं. “रविवारी आमचा सण झाला, तर तू माग. झाला नाही, तर माझ्याकडे येऊच नकोस,” असं म्हणून ती पोस्टर उचलून गेली.

मॅनेजरला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो ओरडला नाही, त्यापेक्षा वाईट केलं, हसला. “मॅडम, इसलिए बोलता हूँ, बॅकएंड.” रविवारी संध्याकाळी सातला लॉनवर एक लग्न होतं, पण दुपार रिकामी होती. ती मी भांडून मिळवली, सूर्यास्ताच्या आत लॉन साफ करून द्यायच्या अटीवर. आगीची परवानगी मात्र मंगळवारची ती मंगळवारची. नवीन अर्ज केला, तर काउंटरवरचा माणूस फार प्रेमाने म्हणाला, “इन्शाल्ला.” इतकी वर्षं इथे राहिल्यावर इन्शाल्लाचे प्रकार कळतात. हा त्यातला नकाराचा होता.

बुधवारी शारजाच्या चर्चमध्ये कपाळावर राख घेऊन घरी आले आणि सोफ्यावर बसून रडले. मुलगी बारावीत, इथेच जन्मलेली. ती म्हणाली, “मम्मी, जस्ट टेल देम नो फायर. इट्स ओके.” मी म्हटलं, “ओके काय डोंबल. होळी न पेटवता होळी करतात का?” तेवढ्यात नवरा कामावरून आला. तो हमरिया फ्री झोनमध्ये एका कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर आहे. बाहेर कितीही ऊन असो, हा माणूस रोज एक जाडजूड कापूस भरलेलं जॅकेट हातावर टाकून घरी येतो आणि सोसायटीतले लोक त्याला हसतात. त्याने जॅकेट खुर्चीवर टाकलं. ते अजून गार होतं. मी डोळे पुसता पुसता त्याच्याकडे बघितलं आणि मला एकदम त्या चौकातला बर्फाचा किल्ला आठवला.

“अहो,” मी म्हटलं, “तुमच्याकडे हिवाळा आहे ना बाराही महिने?”

“मायनस अठरा. का गं?”

“मला उसना हवाय.”

थंडीला जाळता येत नसेल तर थंडीच बर्फाची करायची आणि अजमानच्या उन्हात उभी करायची. जाळायचं काम सूर्य करील, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या राख लागलेल्या डोक्यातून हे निघालं आणि मी तिथल्या तिथे बाईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “आमच्या शहरात हे कुणी केलं नाही.” मी ‘सॉरी’ म्हणणार तोच ती पुढे म्हणाली, “पण बर्फ आमचा आहे. यल्ला.”

शेजारच्या कारखान्यातून लाद्या आणायचं, आपल्या कोल्ड स्टोरेजमध्ये जागा द्यायचं आणि वरच्यांची परवानगी काढायचं, हे नवऱ्याने अंगावर घेतलं. आमच्या किचनमध्ये एक फिलिपिनो कारागीर होता, लग्नांसाठी बर्फाचे हंस कोरणारा. हंसांना तो इतका कंटाळला होता की बाई कोरायची म्हटल्यावर आनंदाने टाळ्या पिटायला लागला. शनिवारी दिवसभर तो नवऱ्याचं जॅकेट घालून त्या गोठलेल्या खोलीत छिन्नी चालवत होता. संध्याकाळी मी बघायला गेले. माणसाएवढी उंच, कमरेवर हात ठेवलेली, हनुवटी वर केलेली बाई. आमच्या गल्लीत नळावर बायका भांडायला उभ्या राहायच्या तशी. मी तिचं नाव थंडीबाई ठेवलं.

रविवारी दुपारी बाराला फ्रीझरच्या गाडीतून थंडीबाई आली. पेटवायच्या गवताच्या बाहुलीसाठी रशियन बायकांनी शिवलेला फुलाफुलांचा घागरा आणि डोक्याचा रुमाल तिला चढवला. बघता बघता लॉन भरलं. एका बाजूला बारा तवे, त्यांवर आमचे दोन आचारी आणि दहा रशियन बायका पोळे काढत होत्या. मधात बुडवून, लोण्यात बुडवून, जॅममध्ये, मासळीच्या अंड्यांबरोबर. मी चाळीस दिवस गोड सोडलं होतं, पण आईचा नियम होता की रविवार उपवासात मोजत नाहीत. पहिला पोळा तोंडात टाकला आणि खरंच सांगते, वसई आठवून डोळे भरून आले. रस्सीखेच झाली, फेर झाला, दाढीवाल्या एका गृहस्थाने अॅकॉर्डियन वाजवलं, हॉटेलचे वेटर फेरात ओढले गेले. मी किचनच्या दारामागे नव्हते. मी लॉनच्या मधोमध होते, हातात वॉकी-टॉकी, आणि सगळे मलाच विचारत होते.

फक्त थंडीबाई वितळत नव्हती.

तीन वाजले, चार वाजले. बोटं गळाली, नाकाचा शेंडा गेला, घागरा ओला झाला, पण बाई तशीच हनुवटी वर करून उभी. मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “मम्मी, शी इज नॉट मेल्टिंग.” जुलैत ती तासाभरात पाणी झाली असती, पण फेब्रुवारीचं ऊन मवाळ, वर समुद्राचा वारा. आम्ही ज्या हिवाळ्याला वर्षभर ‘थांब थांब’ म्हणतो, तो नेमका त्या दिवशी थांबला होता. रशियन मंडळी आता तिच्याभोवती गोळा होऊन बघायला लागली. थंडी उभी राहिली म्हणजे सण अपुरा, हे कुणी बोललं नाही तरी चेहऱ्यावर दिसत होतं. पियानोवाली बाई हाताची घडी घालून उभी. मॅनेजर आला, घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, एक घंटा. फिर उठवा दूँगा.” उठवून नेणार, म्हणजे हिवाळ्याला सहीसलामत गाडीत घालून परत पाठवणार, आणि माझं लेटर त्या जेलवाल्याच्या खिशात.

मला राग आला की डोकं चालतं, हा माझा एक गुण. मी त्या बर्फाकडे बघत होते आणि मला आमच्या ओट्यावरचा आइस्क्रीमचा पॉट दिसायला लागला. मे महिन्यात आम्ही भावंडं आळीपाळीने त्याचा दांडा फिरवायचो, आणि आइस्क्रीम लवकर गोठावं म्हणून बाबा भोवतीच्या बर्फावर मूठ मूठ खडे मीठ टाकायचे. मीठ पडलं की बर्फ करकरायचा आणि खाली पाणी व्हायला लागायचं. मी वॉकी-टॉकी तोंडाशी नेला आणि किचनला म्हटलं, “स्टोअर में जितना मोटा नमक है, सब बाहर.”

तीन पोती आली. पहिली मूठ मी तिच्या मानेवर मारली. दुसऱ्याच क्षणी पियानोवाली बाई मोठ्याने हसली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “आमच्या रस्त्यांवर!” ती ओरडली, “आमच्या रस्त्यांवर हेच टाकतात, सगळा हिवाळा!” तिने रशियनमध्ये काहीतरी पुकारलं आणि मग काय विचारता, अख्खं लॉन तुटून पडलं. मुलं, आजोबा, टाय घातलेले बाप, आमचे वेटर, माझी मुलगी, सगळे मुठी भरभरून मीठ मारताहेत. दोन आज्यांनी चहाचं उकळतं भांडं उचलून आणलं आणि कोरा चहा थंडीबाईच्या खांद्यांवर ओतला. बर्फ तडतडायला लागला. मानेपाशी एक भेग पडली, ती पाठीपर्यंत गेली, आणि ती गर्विष्ठ हनुवटी हळूच पुढे झुकली. डोकं रुमालासकट खाली पडलं तेव्हा जी आरोळी उठली, ती ऐकून शेजारच्या हॉटेलांच्या बाल्कन्यांत माणसं बाहेर आली. मीही ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, पण मराठीत ओरडत होते. माझा नवरा त्याचं हसं झालेलं जॅकेट डोक्यावर फिरवत नाचत होता. सूर्य अजून हातभर वर होता. चौदा वर्षांत मी इतके कार्यक्रम पाहिले, पण त्यातला एकही माझा नव्हता. हा माझा होता.

पियानोवाली बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती कमरेतून वाकली. ताठ पाठीची बाई, ती माझ्यापुढे वाकली. म्हणाली, “मला क्षमा कर. सही मी न वाचता केली, आणि दहा दिवस तुला टांगून ठेवलं.” मी पण वाकले. “मला क्षमा करा. मी तुम्हाला बोलू दिलं नाही.” “देव क्षमा करील,” ती म्हणाली, “मीही करते.” मी तेच तिला म्हटलं आणि आम्ही गळ्यात पडून रडलो, दोघींच्या हातांना मीठ.

आजूबाजूला सगळेच एकमेकांपुढे वाकत होते. मॅनेजर बाजूला उभा राहून बघत होता. बाईने त्याला बघितलं, सरळ दंडाला धरून माझ्यासमोर आणलं आणि इंग्रजीत बजावलं, “आज रविवार आहे. क्षमा न मागता कुणी घरी जात नाही, उद्यावर टाकत नाहीत.” बिचारा चांगलाच गडबडला. टाय सरळ केला, इकडेतिकडे पाहिलं. सगळं लॉन बघत होतं. मग खरंच थोडा वाकून म्हणाला, “मॅडम, चौदा साल... माफ कर दो. लेटर कल सुबह.”

“देव करील,” मी म्हटलं. मग त्याला कळावं म्हणून हिंदीत म्हटलं, “मैं भी करती हूँ, सर. लेकिन आज का कल पर नहीं डालते. अभी सुना ना आपने?”

बाईने ते कुणाकडून तरी समजून घेतलं आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मॅनेजरने हसत खिशातून पेन काढलं, कार्यक्रमाचा कागद उलटा करून थंडीबाईच्या पायाखालच्या उरलेल्या लादीवर टेकवला आणि उभ्या-उभ्या नेमणुकीच्या दोन ओळी लिहून खाली सही केली. छापील लेटर दुसऱ्या दिवशी आलं, ते फाइलमध्ये कुठेतरी आहे. हा कागद मात्र मी काचेत घालून घरात लावलाय. सही थोडी फुटली आहे, कारण खालचा बर्फ अजून वितळत होता.